व्याजाची घोडी

मी धारची. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे सांगण्यात आलं होतं की मुलाचं देवासला स्वतःचं घर आहे आणि दारात घोडी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. घोडीपायी घर गहाण पडलं आहे, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

घोडी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. देवासला तेव्हा गाव एक आणि राज्यं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या रस्त्याच्या मधोमध हद्द जायची. आमची ओळ धाकट्या पातीत, समोरची थोरल्या पातीत. मामंजी धाकट्या पातीच्या चाकरीत होते. साधे कारकून होते तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांना बढती मिळाली आणि दसऱ्याच्या स्वारीत घोड्यावर बसून निघायचा मान मिळाला. मान दरबारचा, घोडं मात्र ज्याचं त्याने आणायचं. दुसरा कुणी असता तर त्या दिवसापुरतं घोडं मागून आणून वेळ निभावली असती. मामंजींनी घर गहाण टाकून जातिवंत घोडी विकत घेतली. तिचं नाव एका राणीवरून ठेवलं. ते मी इथे लिहीत नाही, त्या राणीच्या वंशातली माणसं अजून आहेत.

वर्षातून एक दिवस घोडी मामंजींना घेऊन चाले. बाकीचं वर्ष ती खात असे. हरभरा, गवत, गूळ, शिवाय तिच्या दिमतीला एक म्हातारा मोतद्दार, तोही खाणाराच. मला माहेरी जायला गाडी मागितली तर खर्चाचं कारण पुढे येई, आणि घोडीला खोकला झाला की उज्जैनहून सालोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, येई. मी नवी सून, बोलायची सोय नव्हती. मनात मात्र भरपूर बोलत असे.

सासूबाईंचा जीव घरात होता. मामंजींच्या बदल्यांपायी त्यांचा निम्मा जन्म परगण्या-परगण्यांतल्या भाड्याच्या खोल्यांत गेला होता. कुठे घरमालकिणीने चूल हलवायला लावलेली, कुठे विहिरीवर पाणी भरायची वेळ ठरवून दिलेली. हे घर झालं तेव्हा त्या पहिल्या दिवशी भरदुपारी, मनात आलं म्हणून, सगळं घर सारवत बसल्या होत्या म्हणे. "आता मला इथून फक्त चौघांनी उचलून न्यायचं," असं त्या सणावारीसुद्धा म्हणायच्या. ऐकणाऱ्याच्या घशात पुरणपोळी अडकायची.

गहाणखत होतं गहाण-लहाणाचं. म्हणजे मुदतीत पैसे फेडले तर घर सुटलं, नाही तर ते गहाणच विक्री धरायची आणि घर सावकाराचं. मुदत दिवाळीच्या पाडव्याची होती. मूळ रक्कम राहू द्या, व्याजसुद्धा कैक महिने तुंबलं होतं. ह्यांची नोकरी सरदारपुरास, कचेरीत. पगारातून वाचेल ते पाठवत आणि पत्रात न चुकता लिहीत की वडिलांच्या मनाला त्रास होईल असं काही करू नये. आमच्या मनाची चौकशी पत्राच्या तळाशी, जागा उरली तर.

दिवाळीला महिनाभर असताना माझे वडील धारहून आले. ते वकिली करीत. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी मामंजींपुढे एकेक वाट मांडली. मी आणि सासूबाई दाराआड.

"व्याहीबुवा, सगळ्यात सोपं म्हणजे घोडी विका. मागचं व्याज निघेल."

"आणि दसऱ्याला मी स्वारीत काय पाटावर बसून जाऊ?"

"बरं, मग गहाण फिरवून घ्या. ताबेगहाण करा. पुढचा सोपा आणि माडी सावकाराच्या ताब्यात द्या. तो तिथे भाडेकरू ठेवील, भाडं व्याजात जाईल. तुम्ही मागे राहा."

"म्हणजे मी माझ्याच घरात मागल्या दाराने शिरायचं."

"निम्मं विकून निम्मं सोडवता येईल."

"घोडी कुठल्या निम्म्यात बांधायची, वकीलसाहेब?"

"दुसरा सावकार पाहू. धारला माझ्या ओळखीचा एक आहे, व्याज कमी घेतो. त्याच्याकडून उचलून याला देऊन टाका."

"धारपर्यंत बोभाटा करू म्हणता?"

वडिलांनी हात टेकले. "निदान मुदत भरायच्या आत त्याच्याशी बोला तरी. कर्जदार तोंड लपवायला लागला की सावकाराचा जीव घाबरा होतो, आणि घाबरलेला सावकार फार वाईट. बहुतेकांना घर नकोच असतं. त्यांना पैसे हवे असतात."

"तो थोरल्या पातीत राहतो," मामंजी म्हणाले. "मी परराज्यात जाऊन याचना करणार नाही."

हे परराज्य आमच्या ओट्यावरून दिसायचं. सावकाराच्या घरी कुणाला जोरात शिंक आली तर आमच्याकडे ऐकू यायची. पण मामंजींनी बढती मिळाल्यापासून रस्त्याची ती बाजू सोडली होती. माझे वडील दुसऱ्या दिवशी धारला निघाले, तेव्हा मला एवढंच म्हणाले, "तुझे सासरे सज्जन आहेत. सज्जन माणसाला सोडवणं फार कठीण."

चार-आठ दिवसांनी सावकार आपणहून आला. मामंजी पुराण ऐकायला देवळात गेले होते, आणि मला वाटतं ते पाहूनच तो आला. मोठा मनुष्य, बोलणं गोड, धोतर मात्र कायम आखूड. ओट्यावर टेकला आणि दाराकडे न बघता म्हणाला, "बाईसाब, पड़वा की मुद्दत याद है नी?"

सासूबाई परपुरुषाशी बोलत नसत. दाराच्या आडून त्या माझ्याशी बोलायच्या, मी दारात उभी राहून त्याच्याशी बोलायची.

"सूनबाई, सांग त्यांना, आठवण आहे."

"आठवण आहे म्हणतात."

"म्हारे मकान को कईं करनो है?" तो म्हणाला. "ताला लगावां, किरायदार ढूँढां, कवेलू फेरां, ऊपर से तमारे राज की कचेरी में चक्कर काटां. म्हारे तो पइसा चइये."

माझे वडील म्हणाले होते तेच, याला घर नको, पैसे हवेत. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. तेवढ्यात सावकाराची नजर अंगणातल्या घोडीकडे गेली. मोतद्दार तिला खरारा करत होता. सावकार उठून तिच्याभोवती फिरला, दात पाहिले, आणि परत येऊन अगदी सहज म्हणाला की तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या भाच्याचं लग्न आहे, मालव्यात नवरदेव, त्यांचा बींद, घोडीवर बसल्याशिवाय वरात निघत नाही, आणि गावात जी भाड्याची घोडी आहे ती एका डोळ्याने आंधळी आहे. एका सांजेपुरती ही मिळाली तर?

मला वाटलं सासूबाईंना भोवळ आली. दरबारच्या मानाची घोडी कुणाच्या वरातीला द्यायची म्हणजे मामंजींनी जीव दिला असता.

मग आतून आवाज आला. "सूनबाई, विचार त्यांना, एका संध्याकाळचे व्याजात किती वजा धरणार."

मी आयुष्यात बरेच सौदे पाहिले, पण असा नाही. तो एक आकडा बोले, मी तो आत नेई, सासूबाई दुसरा देत, मी तो बाहेर आणी. मधूनमधून मी माझ्या पदरचं थोडं वाढवत असे. शेवटी ठरलं ते असं. लग्नसराईभर त्याच्या नात्यागोत्यात आणि त्यांच्या ओळखीत घोडी जाईल, भाडं परस्पर व्याजात जमा होईल. पुढच्या दिवाळीपर्यंत मागचं व्याज सगळं फिटलं तर तो मुदत वाढवून नवं खत करून देईल, मूळ रक्कम सावकाश फेडावी. नाही फिटलं तर घर त्याचं. "हिसाब तो हिसाब," तो म्हणाला आणि जाताना घोडीला गूळ खायला देऊन गेला. एक अट सासूबाईंनी घातली. लग्नं सगळी थोरल्या पातीतली हवीत. तिथे मामंजी पाऊल टाकत नव्हते.

मार्गशीर्षापासून घोडी परराज्यात जाऊ लागली. संध्याकाळी मामंजी देवळात गेले की मोतद्दार तिला टेकडीकडे हवा खायला नेई. म्हणजे तसं मामंजींना सांगितलेलं होतं. म्हाताऱ्याने आधी इमानाच्या गोष्टी केल्या. पहिल्या लग्नाहून लाडूंची पुरचुंडी घेऊन परतला आणि त्यानंतर इमानाचं नाव काढलं नाही.

माझ्याकडे काम आलं ते घोडी परत आली की तिला पुन्हा दरबारी करण्याचं. आयाळीतल्या झेंडूच्या पाकळ्या वेचायच्या, कपाळाचं कुंकू पुसायचं, शेपटीतली जर सोडवायची. एकदा जरीचा तुकडा राहून गेला आणि तो नेमका मामंजींनी पाहिला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "सूनबाई, सांग त्यांना, दृष्ट लागू नये म्हणून मीच बांधलाय," म्हणाल्या. मामंजींना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात मागितला.

घोडीही बाळसं धरायला लागली. वरात मांडवाशी पोचली की दाराच्या तोरणाखाली तिला थांबवायचं आणि घरच्या बायकांनी परातीतून भिजवलेली हरभऱ्याची डाळ खायला घालायची, अशी तिकडची रीत. घोडीला ही रीत फार पटली. मामंजी तिच्या पाठीवरून हात फिरवीत आणि शेजाऱ्यांना सांगत, "टेकडीची हवा मानवली हिला." शेजारी अतिशय गंभीर चेहऱ्याने होकार देत. अख्ख्या थोरल्या पातीला हे प्रकरण माहीत होतं, आणि धाकट्या पातीत ठाऊक नसलेला माणूस एकच होता.

आषाढापर्यंत बरंच व्याज फिटलं. मग चातुर्मास लागला, लग्नं थांबली, आणि घोडी पुन्हा नुसती खायला लागली. थोडं बाकी होतं, आणि दिवाळी जवळ येत चालली होती. सासूबाई रोज तुळशीपाशी बसून हिशेब पुटपुटायच्या. लोकांना वाटे जप चाललाय.

आणि दसरा आला.

आम्ही बायका माडीच्या खिडकीत उभ्या होतो. स्वारी आमच्याच रस्त्याने जायची. पुढे निशाण, मग वाजंत्री, मग मानकरी. मामंजी मंदिल बांधून, शेला घेऊन, कमरेला तलवार लावून घोडीवर बसलेले. खरं सांगते, रुबाबदार दिसत होते. सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या.

पण सणाचा दिवस म्हणजे दारोदार झेंडूची तोरणं, आणि पुढे ढोल-सनई. आमच्यापैकी कुणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. घोडीच्या आलं.

पहिल्या तोरणाशी ती थांबली. मामंजींनी टाच मारली, ती निघाली. दुसऱ्या तोरणाशी पुन्हा थांबली आणि मान आत घालून परात कुठे आहे ते बघू लागली. मागचे मानकरी खोळंबले. मामंजींनी लगाम ओढला. सनई जोरात होती, तेव्हा घोडीने समजून घेतलं की आता नाचायचं आहे. ती नाचली. चांगली नाचली, वर्षभराचा सराव होता. मामंजींचा मंदिल एका कानावर आला. मग तिला समोरच्या ओळीत ओळखीचं दार दिसलं आणि ती स्वारी सोडून, दोन राज्यांची हद्द ओलांडून, मामंजींना तलवारीसकट थोरल्या पातीत घेऊन गेली आणि सावकाराच्या तोरणाखाली जाऊन उभी राहिली.

रस्त्यावर क्षणभर कुणी हसलं नाही. सावकाराच्या घरातली एक म्हातारी, तिला दिसतही कमी, सवयीने परात घेऊन बाहेर आली. घोडीवरच्या माणसाकडे बघून म्हणाली, "आ गई म्हारी ब्याव वाली घोड़ी. ने यो बींद तो घणो बूढ़ो है."

त्यानंतर दोन्ही राज्यं हसली. मीसुद्धा हसले, तोंडात पदर कोंबून, आणि शेजारी पाहिलं तर सासूबाई खाली बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून मी तोंडातला पदर काढला.

मामंजी घरी आले ते घोडीचा लगाम हातात धरून, पायी. ओसरीवर बसले. मंदिल तसाच तिरका. वाड्यावरून काही निरोप आला नाही, आणि कानउघाडणी झाली असती तर बरं, असं त्यांना झालं. दिवेलागणीच्या सुमारास ते भिंतीकडे बघून म्हणाले, "घोडी विकून टाका."

सासूबाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या मामंजींशीही माझ्यामार्फत बोलायच्या. त्या दिवशी मला बाजूला सारलं.

"विकायला काढलीत तरी आता तिला घेणार कोण? तुमच्या मानाच्या पायी ती महाग घेतलीत, आता म्हातारी झाली. भाड्यानेच व्याज फिटतंय. ती वरातीला गेली नाही तर हे घर जाईल. मी पुन्हा कुणाच्या खोलीत राहायची नाही. तुम्हाला लाज वाटत असेल तर वाटू दे. मला वर्षभर भीती वाटत होती, मी कुणाला सांगितलं?"

मामंजींनी मंदिल उतरवून मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "किती राहिलंय?"

घर गहाण पडल्यापासून हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. सासूबाईंनी सांगितलं.

"एवढंच? बाकीचं हिने फेडलं?" ते उठून अंगणात गेले, घोडीकडे नीट बघितलं, आणि परत येऊन म्हणाले, "जातिवंत आहे, मी पहिल्यापासून सांगत होतो."

पाडवा आला आणि गेला. सावकाराच्या स्वतःच्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नामागोमाग होतं. तोपर्यंत थांबतो, म्हणाला, पुढे एक दिवस नाही. त्या वरातीचं भाडं धरलं तरी सासूबाईंच्या हिशेबाने थोडं कमी पडत होतं. फार नाही, पण कमी ते कमीच. ह्यांना सरदारपुरास लिहावं तर पगार अजून व्हायचा होता. सासूबाई गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून बघायच्या आणि हात पुन्हा मागे घ्यायच्या. मला ते बघवत नसे.

लग्नाच्या दिवशी मोतद्दाराला हिवताप भरला. सावकाराचा माणूस घोडी न्यायला आला. मामंजी ओसरीवर होते. "घोडी अनोळखी माणसाच्या हातात द्यायची नाही," ते म्हणाले. "मी येतो."

आत गेले, दसऱ्याचाच अंगरखा घातला, मंदिल बांधला, आणि लगाम धरून रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मी आणि सासूबाई माडीवर धावलो. मुलीचं घर समोरच्याच ओळीत, चार दारं पुढे, त्यामुळे सगळं दिसत होतं. ऐकूही येत होतं, कारण मामंजी नवरदेवाला सारखे शिकवत होते. "पाय आत घे. पाठ सरळ. लगाम ओढू नकोस, ही काय विहिरीतली बादली आहे? अरे, मान वर कर, लग्न आहे तुझं." तो बिचारा घामाघूम झाला होता. इतका ताठ बसलेला नवरदेव त्या गावाने पाहिला नसेल.

वरात तोरणाशी पोचली. घोडीने डाळ खाल्ली. नवरदेव उतरला. आता घोडी धरणाऱ्याला नेग, म्हणजे रीतीची बक्षिसी, द्यायचा असतो, एरवी तो मोतद्दाराचा, आणि घरच्याच मुलाचं लग्न म्हणजे तो सढळ हाताने. सावकार मूठ बंद करून पुढे आला आणि समोर मामंजींना बघून थबकला. दरबारच्या मानकऱ्याच्या हातावर नेग कसा ठेवायचा? त्याचा हात तिथेच अडला, मग हळूहळू परत मागे जाऊ लागला.

सासूबाईंनी खिडकीचा गज धरला होता. त्या पैशांनी बाकी भरून निघणार होती, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मामंजींना माहीत होतं की नाही, ते मला तेव्हा कळेना.

मामंजींनी लगाम डाव्या हातात घेतला आणि सगळ्या वरातीसमोर उजवा हात पुढे केला.

"रीतीचं आहे, सेठजी," ते म्हणाले. "द्या."

वर्षभर ज्या माणसावर मी मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले, त्याच्या पायावर त्या क्षणी डोकं ठेवावंसं वाटलं.

ते परत आले, घोडी बांधली, तिला पाणी दाखवलं, मग घरात आले. सासूबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. मामंजींनी मूठ त्यांच्या ओंजळीत रिकामी केली.

"व्याजात धर," म्हणाले. मग जरा थांबून, अंगरख्याचे बंद सोडता सोडता विचारलं, "राहिलं का घर?"

"राहिलं," सासूबाई म्हणाल्या.

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले, आणि तांब्या भरून झाला तरी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.